आठ-दहा जणांना घेऊन हॉटेलात जेवायला जाताना: ठिकाण ठरवण्यापासून बिलापर्यंत

वाढदिवस असो, निकाल असो, नाहीतर परगावाहून आलेली आत्या. घरची आठ-दहा माणसं एकत्र जेवायला निघाली की चुका दर वेळी त्याच होतात. रविवारी रात्री साडेआठला, न कळवता, शहरातल्या सगळ्यात गर्दीच्या हॉटेलात जाऊन उभं राहायचं. तासाभराने टेबल मिळालं की प्रत्येकाने आपापलं सांगायचं. मग एकाच चवीच्या तीन भाज्या येतात, रोट्या गार होतात, आजीला चावेल असं काहीच नसतं, आणि शेवटी बिलावरून कुजबुज सुरू होते. यातला बराचसा त्रास हॉटेलमुळे होत नाही. कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे होतो. म्हणून खाली क्रम दिला आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, पण ठाणे, नाशिक, कोल्हापूर कुठेही हाच क्रम लागू पडतो.

## टप्पा १: आधी माणसं लिहून काढा, ठिकाण नंतर

फोनवर हॉटेलांची नावं आणि फोटो बघत बसण्याआधी एका कागदावर माणसं लिहा. मोठी किती, मुलं किती आणि किती वर्षांची. जिना कोणाला चढवत नाही. जैन कोण, कांदा-लसूण कोणाला चालत नाही, शेंगदाणा किंवा काजू कोणाला बाधतो, साखर कोणाला वर्ज्य. मग वार आणि तिथी बघा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण यांपैकी काही असेल तर अर्ध्या टेबलाचं जेवण बदलतं आणि हे हॉटेलात पोचल्यावर आठवून उपयोग नसतो.

आता या यादीत ज्याच्या अडचणी सगळ्यात जास्त आहेत, त्याच्यापासून ठिकाण ठरवायला सुरुवात करा. बाकीचे जमवून घेतात. पंच्याहत्तरीच्या आजोबांना पहिल्या मजल्यावर नेऊन कर्कश गाण्यांच्या शेजारी बसवलं, तर जेवण कितीही चांगलं असलं तरी त्यांची संध्याकाळ वाया गेली.

ठिकाणाचा प्रकार निवडताना थोडं भान ठेवा:

- थाळी: सगळ्यांना भूक असेल तरच. थाळी माणशी मोजतात आणि दोघांत एक थाळी सहसा देत नाहीत. दोन पोळ्यांत आटोपणारी तीन माणसं असतील तर पैसे वाया जातात.
- उडुपी: लहान मुलं, म्हातारी माणसं आणि कमी वेळ, तिन्हीसाठी सोयीचं. इडली, उपमा, दहीभात कोणालाही चालतो.
- मटणाची खानावळ: खाणारे सगळे मांसाहारी असतील तर. शाकाहारी माणसाला तिथे नेऊन ‘तुझ्यासाठी पिठलं आहे ना’ म्हणू नका. एकच शाकाहारी असेल तर आधी त्याला विचारा.
- इराणी हॉटेल, कॅफे: डेक्कनच्या गुडलकसारख्या ठिकाणी चौघांनी जावं. दहा जणांनी एकत्र बसायची ती जागा नव्हे. जायचंच असेल तर चार-चारच्या टोळ्या करून मिळेल त्या टेबलांवर बसायची तयारी ठेवा. बन-मस्का आणि चहा झाला की उठायचं, कारण मागे माणसं उभी असतात.

## टप्पा २: फोन करा आणि हे प्रश्न विचारा

ॲपवर दिसणारी वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांत फरक असू शकतो. पुण्यात तर नक्कीच. दुपारी तीन ते सात बंद असणाऱ्या खानावळी भरपूर आहेत, काही थाळीची ठिकाणं रविवारी संध्याकाळी बंद असतात, आणि मिसळीची जुनी दुकानं दुपार झाली की शटर ओढतात. म्हणून दुकानाच्या नंबरवर फोन करायचा, तोही गर्दीच्या वेळी नको. सकाळी अकराच्या सुमाराला किंवा संध्याकाळी पाचला. रात्री नऊला फोन उचलणारा माणूस एका हाताने बिल फाडत असतो, तो काहीही ‘हो’ म्हणेल.

विचारायचं ते असं:

१. दहा जणांसाठी टेबल राखून ठेवता का? नसेल तर कितीला आलं तर लगेच बसता येईल?
२. टेबल जोडून मिळेल का? तळमजल्यावर?
३. एसी आणि साध्या विभागाचे दर वेगळे आहेत का? (बऱ्याच ठिकाणी मेनूकार्डच वेगळं असतं.)
४. जैन पदार्थ वेगळे करून मिळतात का, की फक्त ‘कांदा कमी’ घालता?
५. थाळी असेल तर मुलांचा दर कोणत्या वयापर्यंत? गोड किती वेळा वाढता?
६. गाडी लावायची सोय आहे का?
७. सर्व्हिस चार्ज लावता का?

तपासा: फोनवर बोललेल्या माणसाचं नाव विचारून लिहून ठेवा. दारात गेल्यावर ‘यांच्याशी बोलणं झालंय’ म्हटलं की गोष्ट सोपी होते.

ॲपवरून सवलतीचं बुकिंग करत असाल तर अटी वाचा. सवलत बहुधा ठरावीक वेळेला, ठरावीक माणसांना आणि त्याच ॲपमधून पैसे भरले तरच मिळते. मद्यावर ती अनेकदा लागू नसते. दहा जणांचं बुकिंग पाच-पाचच्या दोन नावांवर केलं तर टेबलंही दोन कोपऱ्यांत मिळू शकतात.

## टप्पा ३: वेळ निवडा आणि दोघांना पुढे पाठवा

रात्रीच्या जेवणाला साडेसात ही कुटुंबासाठी सगळ्यात चांगली वेळ. स्वयंपाकघर सुरू झालेलं असतं, तंदूर तापलेला असतो आणि वेटरला तुमचं ऐकायला सवड असते. साडेआठ ते साडेनऊ टाळा. दुपारी साडेबारा उत्तम, दीड वाईट.

सगळ्यांनी एकदम पोचायची गरज नाही. घरातले दोघं वीस मिनिटं आधी जातील, नाव लिहून येतील आणि टेबल बघतील. बाकीच्यांनी, विशेषतः वयस्कर माणसांनी, फोन आल्यावर निघावं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीसारख्या ठिकाणी रविवारी सकाळी नाव देऊन बाहेर थांबावंच लागतं. तिथे गुडघे दुखणाऱ्या माणसाला अर्धा तास उभं ठेवणं हा निष्काळजीपणा आहे.

सावधान: मुलांना रिकाम्या पोटी नेऊ नका. निघताना केळं किंवा अर्धी पोळी द्या. भुकेलेलं पाच वर्षांचं मूल पहिल्या दहा मिनिटांत पापडावर ताव मारतं आणि जेवण आल्यावर खात नाही.

## टप्पा ४: बसण्याचा क्रम

इथे दोनच गोष्टी. वयस्कर माणसं खुर्चीवर आणि बाहेरच्या कडेला, म्हणजे उठताना कोणाला सरकवावं लागत नाही. आणि ऑर्डर देणारा माणूस मधोमध, वेटर उभा राहतो त्या बाजूला. टेबलाच्या टोकाला बसून ऑर्डर दिली की पलीकडच्या टोकाचं कधीच ऐकू येत नाही.

बसल्यावर वेटर विचारेल, ‘पाणी साधं की बाटली?’ साधं हवं असेल तर ते मोठ्याने सांगा, नाहीतर बाटल्यांची झाकणं उघडली जातात. बाटलीवरच्या छापील किमतीपेक्षा हॉटेल जास्त पैसे घेऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसा निकाल दिला आहे. त्यामुळे त्यावरून नंतर वाद घालण्यात अर्थ नाही, बाटली घ्यायची की नाही एवढंच आपल्या हातात.

## टप्पा ५: ऑर्डर एकानेच द्यायची

बहुतेक जेवणं इथेच बिघडतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

एक माणूस नेमा. तो सगळ्यांना विचारेल, पण वेटरशी तोच बोलेल. दहा तोंडांनी सांगितलेली ऑर्डर कागदावर दहा वेगळ्या जेवणांसारखी उतरते. कोणाची रोटी आधी, कोणाची भाजी शेवटी. शिवाय केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी चिठ्ठी, एकदा गेली की पदार्थ रद्द करणं अवघड असतं.

आधी अडचणीचे पदार्थ सांगा. जैन भाजी, बिनतिखट डाळ, बिनसाखरेची लस्सी. हे वेगळं करावं लागतं म्हणून उशीर लागतो. ते शेवटी सांगितलं तर बाकीच्यांचं संपत आलं तरी त्या माणसाचं ताट रिकामं राहतं. पथ्य सांगताना जिन्नसाचं नाव घ्या. ‘ॲलर्जी आहे’ एवढं पुरत नाही. ‘शेंगदाणा अजिबात नको, कूटही नको, शेंगदाण्याचं तेलही नको’ असं सांगा. उपवास कडक असेल तर साबुदाणा वडा कोणत्या तेलात तळतात तेही विचारा. अनेक ठिकाणी कढई एकच असते.

मग ग्रेव्हीचा हिशोब करा. पंजाबी जेवण देणाऱ्या बहुतेक हॉटेलांत ग्रेव्ही आधीच करून ठेवलेल्या असतात. लाल ग्रेव्ही टोमॅटो आणि लोण्याची. पिवळी किंवा तपकिरी, परतलेल्या कांदा-टोमॅटोची. पांढरी, काजू, मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) आणि उकडलेल्या कांद्याची. चौथी पालकाची. मेनूकार्डावर पनीरचे वीस प्रकार दिसले तरी ते याच तीन-चार भांड्यांतून निघतात. पनीर बटर मसाला, पनीर माखनवाला आणि पनीर टिक्का मसाला एकत्र मागवले तर टेबलावर जवळजवळ एकच भाजी तीन वाडग्यांत येते. म्हणून एक लाल (पनीर बटर मसाला), एक तपकिरी आणि झणझणीत (व्हेज कोल्हापुरी), एक सुकी (भेंडी किंवा जिरा आलू) आणि एक डाळ असं मागवा. पांढरी घ्यायची असेल तर लालच्या ऐवजी घ्या.

हे कळलं की आणखी दोन गोष्टी उलगडतात. एक, पांढऱ्या ग्रेव्हीतही कांदा असतो, ती गोडसर लागते म्हणून जैन माणसाला चालेल असं समजू नका. दोन, तयार ग्रेव्हीतलं तिखट कमी करता येत नाही, वरून साय घालून ते फक्त दबतं. मुलांसाठी साधी डाळ आणि जिरा राइस मागवणं शहाणपणाचं.

किती मागवायचं? आठ मोठी माणसं आणि दोन मुलं धरा. दोन स्टार्टर, तीन भाज्या, एक डाळ, आणि सूप हवं असेल तर वन बाय टू. पहिल्या फेरीला एवढंच. एक भाजी साधारण तिघांना होते. कमी पडली तर परत मागवता येते, उरलेली परत करता येत नाही. मसाला पापड स्टार्टरमध्येच मोजा.

रोट्या फेरीफेरीने. वीस रोट्या एकदम सांगितल्या तर शेवटच्या दहा चिवट होतात. नान तर गार झाल्यावर तोडवत नाही. माणशी एक सांगा, ती वाढली जात असतानाच दुसरी फेरी सांगा. तंदुरीच्या दहा रोट्यांना दहा-बारा मिनिटं लागतात हे डोक्यात ठेवा. ज्वारी-बाजरीची भाकरी हाताने थापतात, तिला आणखी वेळ लागतो. खानावळीत बसल्याबसल्याच किती भाकऱ्या लागतील त्याचा अंदाज देऊन ठेवावा.

भात शेवटच्या रोटीबरोबर सांगा. रोट्या संपल्यावर सांगितला तर पंधरा मिनिटं सगळे रिकाम्या ताटाकडे बघत बसतात. बिर्याणी असेल तर मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवायची आणि ‘आम्ही म्हणू तेव्हा आणा’ असं बजावायचं.

तपासा: वेटरला ऑर्डर परत वाचून दाखवायला सांगा. संख्या ऐका. ‘दोन’ आणि ‘दोन प्लेट’ यांत घोळ होतो, विशेषतः कबाब, वडे आणि मोदक यांच्या बाबतीत.

### मासे खायला गेलात तर

मालवणी-गोमंतकी हॉटेलात पापलेट, खेकडा, मोठी कोळंबी यांच्यापुढे किंमत नसते, ‘साइजप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं. लाजू नका. मासा दाखवायला सांगा, किंमत विचारा, मगच हो म्हणा. तळलेल्या तुकडीची आणि थाळीतल्या तुकडीची जाडीही वेगळी असू शकते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बाजारात ताजी आवक कमी आणि बर्फातला मासा जास्त असतो. तेव्हा महागडं पापलेट मागवण्यापेक्षा सुकटीची चटणी, तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर त्या, नाहीतर सरळ कोंबडी-वडे घ्या.

### थाळीला बसलात तर

वाढपी पहिल्या दोन मिनिटांत ताट भरून टाकतो आणि पुऱ्यांनीच पोट भरतं. पहिली पुरी खाल्ली की पोळीवर या. जे आवडत नाही ते वाढायच्या आधीच ‘नको’ म्हणा, ताटात पडल्यावर उपयोग नाही. आमरसाच्या दिवसांत रस पाहिजे तेवढा की एकच वाटी, हे बसतानाच विचारा. कोल्हापुरी थाळीत तांबडा-पांढरा रस्सा बहुधा हवा तेवढा मिळतो, मटणाच्या फोडी मात्र मोजून असतात.

## टप्पा ६: जेवताना काही चुकलं तर

पदार्थ बिघडलेला, कच्चा किंवा दुसराच आला तर पहिल्या घासालाच सांगा. अर्धा वाडगा संपवून तक्रार केली की कोणीही बदलून देणार नाही, आणि त्यात हॉटेलची चूक नाही. वेटरला न बोलता कॅप्टनला, म्हणजे वेटरांवर देखरेख करणाऱ्याला, बोलवा, आवाज न चढवता नेमकं सांगा: ‘भाजी आंबूस लागते आहे, चव घेऊन बघा.’ वेटरने ती केलेली नाही, त्याच्यावर डाफरणं अन्यायाचं आहे. आणि मुलं बघत असतात.

वाट बघायची वेळ आली तर वीस मिनिटांनी एकदा विचारावं. दर तीन मिनिटांनी विचारल्याने तंदूर लवकर तापत नाही.

## टप्पा ७: बिल

पैसे कोण देणार हे घरून निघतानाच ठरवा. काउंटरवर दोन मेहुण्यांनी एकमेकांचे हात धरून ओढाताण करायची आणि मागे चार गिऱ्हाइकं उभी, हे टाळता येतं. वाटून घ्यायचं असेल तर एकाने सगळं द्यावं आणि बाकीच्यांनी घरी जाऊन त्याला पाठवावं.

बिल हातात आलं की वरपासून खालपर्यंत वाचा. हे क्रमाने बघा:

१. पदार्थ आणि संख्या. न आलेला पदार्थ, दोनदा लागलेली रोटीची फेरी, न उघडलेल्या पाण्याच्या बाटल्या.
२. सर्व्हिस चार्ज. हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार हॉटेलला तो बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती तत्त्वं कायम ठेवली. नको असेल तर ‘हा काढून नवीन बिल द्या’ एवढंच म्हणा.
३. जीएसटी. साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. एसी असो वा नसो. दिवसाला ७,५०० रुपयांहून जास्त भाड्याच्या खोल्या असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागतो.
४. काही लहान हॉटेलं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेत, असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही आणि तसं बिलावर लिहावं लागतं.
५. मद्य असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे तो भाग वेगळा दिसायला हवा.

आकड्यांत बघा. जेवण ४,००० रुपयांचं. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ४००. मग ४,४०० वर ५ टक्के जीएसटी, २२०. एकूण ४,६२०. सर्व्हिस चार्ज काढला तर ४,००० वर २०० जीएसटी आणि एकूण ४,२००. म्हणजे फरक ४२० रुपयांचा, कारण त्या चार्जवरही कर बसलेला असतो.

सर्व्हिस चार्ज काढून घेतलात तर टिप जरूर द्या आणि ती वाढणाऱ्याच्या हातात रोख द्या. दहा जणांच्या टेबलावर त्याने दोन तास फेऱ्या मारलेल्या असतात. घरून निघताना शंभर-पन्नासच्या नोटा खिशात ठेवा, कारण तळघरातल्या हॉटेलात नेटवर्क नसलं तर यूपीआयही अडतं.

तपासा: बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी नंबर असला पाहिजे. अन्नाबद्दल गंभीर तक्रार असेल तर तो नंबर लागतो, म्हणून बिलाचा फोटो काढून ठेवा. सर्व्हिस चार्जवरून कोणी अडून बसलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो.

## टप्पा ८: उरलेलं बांधून घेताना

उरलेलं बांधून घेण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. फक्त थाळीत उरलेलं देत नाहीत, ते आधीच समजून घ्या. रस्सा आणि भात वेगळे बांधायला सांगा, एकत्र बांधले की सकाळी लगदा होतो. रोट्या फॉइलमध्ये गुंडाळून मागा. माशाचं कालवण आणि दह्याची कोशिंबीर नेऊ नका.

घरी पोचल्यावर डबा ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये टाका, विशेषतः भात. शिजून दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणीला घालू नका. जेवून गाडीतून आणखी कुठे फिरायला जायचं असेल तर भात बांधून घेऊच नका, भाजी आणि रोट्या तेवढ्या घ्या, आणि भाजी सकाळी चांगली उकळी येईपर्यंत गरम करून मगच मुलांच्या डब्यात द्या.